शेवटच्या कडव्याआधी

नाताळची उपासना सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि पाळक प्रवचनात अजून गाड्यांवरच होते. प्रभूच्या जन्माच्या वेळी सराईत जागा नव्हती, इथून निघून ते चर्चच्या फाटकासमोर आडव्या लावलेल्या गाड्यांवर आले आणि तिथेच अडकून पडले.

चौथ्या बाकाच्या कडेला बसून चष्मेवाला माणसं बघत होता. निम्मी मंडळी देवाकडे त्याच्याच दुकानातल्या काचांतून पाहायची. पहिल्या बाकावरच्या ठेकेदाराच्या चष्म्याला नंबरच नव्हता. तो नुसता सणापुरता आणि फोटोपुरता. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई काचेच्या वरच्या भागातून वेदी पाहत होत्या आणि खालच्या भागातून मांडीवरचा मोबाइल. बेकरीवाली पहाटेपासून भट्टीपुढे उभी राहून आली होती. ती डोळे मिटून बसली होती आणि मधूनच घोरत होती. साऱ्या चर्चमध्ये खरा भक्तिभाव काय तो तिच्या चेहऱ्यावर होता.

"बाबा, निघू या का?" मुलगी हळूच म्हणाली. आईशिवायचा पहिला नाताळ बापाने एकट्याने काढू नये, म्हणून ती रजा टाकून आली होती.

शेवटचं गीत होऊ दे, तो म्हणाला.

त्यासाठीच तर तो आला होता. त्या गीतात अखेरच्या कडव्याआधी एक थांबा होता. ऑर्गन थांबायचा, सगळं चर्च श्वास धरायचं, आणि गायनमास्तरांचा हात खाली येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, असा नियम. चष्मेवाल्याच्या बायकोने तो आयुष्यात कधी पाळला नाही. दर नाताळला त्या शांततेत तिचा एकटीचा आवाज उठायचा, बाकांवर खसखस पिकायची, आणि बाकीचे गाणारे सुटलेली बस पकडावी तसे तिच्या मागे धावायचे. चष्मेवाला मान खाली घालायचा. घरी जाताना तो तिला बोलणार हे ठरलेलं, आणि देवाला काय, तो आधीपासून जागाच असतो, हे तिचं उत्तरही ठरलेलं.

यंदा त्या जागी चर्च काय करतं, एवढंच त्याला बघायचं होतं. कोणीतरी वळून पाहील. वळून नाही तर निदान खाकरेल. तेवढ्यावर त्याचं भागणार होतं.

गीत सुरू झालं. कडव्यामागून कडवी गेली आणि ऑर्गन थांबला. चष्मेवाल्याने सवयीने मान खाली घातली.

शांतता झाली आणि शांतताच राहिली. मुलीने त्याचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी त्याला रुतली. मग मास्तरांचा हात खाली आला आणि सगळे आवाज एकदम, एका सुरात उठले. कडवं इस्त्री करून आणल्यासारखं, कुठे चुणी म्हणून नाही. कोणी वळलं नाही. कोणी खाकरलंही नाही. बेकरीवाली तेवढ्यात जागी झाली आणि बरोबर त्याच ओळीवर गाऊ लागली.

बाहेर मास्तरांभोवती गर्दी जमली होती. ठेकेदार त्यांची पाठ थोपटत होता. "मास्तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं चोख झालं बघा."

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांना गर्दीच्या कडेला उभा असलेला चष्मेवाला दिसला. मग ठेकेदारालाही दिसला. ठेकेदाराने चष्मा काढून पुसायला घेतला. मुख्याध्यापिकाबाईंना यंदा थंडी जरा जास्तच आहे असं वाटू लागलं, आणि ते त्यांनी दोघातिघांना सांगितलंही.

चष्मेवाल्याने पुढे होऊन मास्तरांचा हात हातात घेतला. खरंच चोख झालं, म्हणाला. मास्तरांना तो हात सोडावा की धरून ठेवावा ते कळेना. मुलगी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली.

दोघं फाटकाकडे वळली, तशी बेकरीवाली सासूला दंडाला धरून पायऱ्या उतरवत आली. म्हातारीला हल्ली माणसं ओळखता यायची, पण त्यांचं काय झालं ते लक्षात राहायचं नाही. चष्मेवाल्याच्या बायकोला मूठमाती दिली त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हीच रडली होती.

"काय रे चष्मेवाल्या," ती वाटेतच थांबून म्हणाली, "बायको कुठंय तुझी? आज आवाज नाही आला तिचा."

सून कानकोंडी झाली. "आई, अहो, त्या आता..."

चष्मेवाल्याने तिला हातानेच थांबवलं.

"घरी आहे," तो म्हणाला. "घसा बसलाय."

"तरीच म्हटलं. सगळे आपले मुकाट्याने वाट बघत बसले, आणि गायले ते पण कसं, शाळेत हजेरी दिल्यासारखं. तिला सांग, तुझ्यावाचून काही मजा आली नाही म्हणावं."

म्हातारीचा चष्मा नाकावरून घसरला होता. चष्मेवाल्याने तो दोन्ही हातांनी वर सरकवला, कानामागे नीट बसवला, आणि बसल्यावरही काही वेळ बसवतच राहिला.

"सांगतो," तो म्हणाला. "खूश होईल ती."