कर्ल्यू बनवणारा

"इंजिन बंद कर! आधी इंजिन बंद कर!" म्हातारा ओरडतच अंगणात आला.

भार्गवीनं किल्ली फिरवली. शेजारी बसलेला चंद्रहास पुटपुटला, "हाच गं. हाच टिअर्नी."

दोघं कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात इंजिनियर. सुट्टीचे दिवस मात्र कर्ल्यूचे. कर्ल्यू म्हणजे घरी जोडायची मोटार. सांगाडा आणि फायबरची बॉडी खोक्यांतून यायची, इंजिन एखाद्या जुन्या गाडीचं बसवायचं. डोनल टिअर्नीनं अशा थोड्याच विकल्या आणि ऐन भरात शेडला कुलूप ठोकून तो नाहीसा झाला. का, ते शौकिनांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळपासून मलिंगार गावाच्या पुढच्या एका खेड्यात दोघं आपल्या कर्ल्यूतून त्याचं नाव विचारत फिरत होते. दुकानात, पबमध्ये, चर्चबाहेर. प्रत्येकजण आधी गाडीकडं बघायचा, मग "असं कुणी नाही इथं" म्हणून पाठ फिरवायचा. एका बाईनं तर छातीवर क्रुसाची खूण केली. गाडी पुढं सरकली की मागं खिडक्यांचे पडदे ओढले जात होते. भर दुपारी.

"परत जाऊ या का?" चंद्रहास म्हणाला होता. "मला काही हे ठीक वाटत नाहीये."

तेवढ्यात धुक्यात भार्गवीला एका शेतात गायींची पाण्याची कुंडी दिसली. कुंडीचा तो बाकदार आकार तिच्या हाताखालून किती वेळा गेला होता! कर्ल्यूच्या बॉनेटचा साचा पालथा करून कुणीतरी त्यात पाणी भरलं होतं. पलीकडं घर होतं. गेटापाशीच तिनं घराचा फोटो आणि रस्ता ऑनलाइन ग्रुपवरच्या जेरार्डला पाठवून दिला. सापडला!

म्हातारा आता ओल्या खडीवर उताणा पडून गाडीखाली बघत होता. उठला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"कुठून आलात यात बसून?"

"कॉर्कहून."

त्यानं त्यांना आत नेलं, चहा ठेवला. मग म्हणाला, "ही गाडी आता चालवायची नाही. उचलून न्यायला माणूस बोलवा. स्टिअरिंगचा जोड माझ्या हातचा आहे. असाच एक जोड वळणावर तुटला. चालवणारा मुलगा कॉलेजात होता." किटलीची वाफ त्याच्या चेहऱ्यावर येत होती, तरी तो हलला नाही. "सगळ्या गाड्या परत मागवून मोडल्या मी. ही एक सापडली नाही. तुम्हाला कुणी धाडलं इकडं?"

"कुणी नाही," भार्गवी म्हणाली. "ऑनलाइन ग्रुप आहे आमचा. जेरार्ड कीन म्हणून एकजण आहे. त्याच्याकडं कर्ल्यू नाही, पण तुम्हाला शोधायची सगळ्यांत जास्त ओढ त्यालाच. रोज विचारायचा, काही कळलं का."

म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली.

"जेरार्ड तर गेला, पोरी. त्याच गाडीत."

भार्गवीच्या हातातला फोन थरथरला आणि तिच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. पडद्यावर जेरार्डचं नाव होतं.

निघालो आहे. जवळच आहे. त्याला जाऊ देऊ नका.

तिनं फोन पुढं केला. म्हाताऱ्यानं अक्षर न् अक्षर वाचलं.

"बाप असणार," तो म्हणाला. "मायकल. पोराच्या नावानं लिहितोय."

चंद्रहास उठून उभा राहिला. "तुम्ही मागच्या दारानं निघा. आम्ही पोलिसांना बोलावतो."

"मी लिहिते त्याला, घर चुकलं म्हणून," भार्गवी म्हणाली. "इथला माणूस दुसराच कुणी निघाला म्हणते."

म्हाताऱ्यानं तिच्या हातातला फोन हलकेच टेबलावर पालथा ठेवला.

"मी कधी लपलोच नव्हतो. या गावच्या लोकांनी लपवलं मला. भली माणसं आहेत, मला वाचवतोय असं वाटतं त्यांना. आणि मायकलच्या दाराशी जायचा मला कधी धीर झाला नाही."

त्यानं खुंटीवरचा आपला जाड कोट काढला आणि भार्गवीच्या खांद्यांवर घातला.

"बाहेर धुकं दाट आहे, आणि गावात विचारलं तर त्याला कुणी सांगायचं नाही. त्याला इकडं आणायला फाट्यावर जाऊन उभी राहतेस का, पोरी?"