नुसता शब्द

लिफ्टचं दार उघडलं, तर आत पाताळाचा पहारेकरी उभा. गेल्या वर्षी लिफ्ट चुकून तळघराच्याही खाली गेली, तेव्हा त्यानेच मृण्मयीला वर आणून सोडलं होतं.

“निघताना ‘येते’ म्हणाली होतीस. चल आता, कायमची.”

“काका, ‘जाते’ म्हणू नये, असं आईने शिकवलंय. म्हणून म्हणाले.”

“आम्ही अर्थ बघत नाही. शब्द बघतो.”

“नुसता शब्द?” मृण्मयीने डोळे बारीक केले. “बरं. आलेच.” आणि ती जागची हललीच नाही.

पहारेकरी वाट पाहून कंटाळला. “अगं, ये ना.”

“आले म्हटलं ना, काका? भूतकाळ आहे. माझं येऊन झालं.”

त्याने बराच वेळ डोकं खाजवलं. “आलीस, तर तुझं काहीतरी खाली दिसायला हवं,” असं म्हणत त्याने लिफ्टच्या आरशातलं तिचं प्रतिबिंब सोलून घेतलं आणि बटण दाबलं.

आता मृण्मयी भांग चाचपून पाडते. परवा पहारेकरी त्या प्रतिबिंबाला घेऊन पुन्हा वर आला, रडवेला होऊन.

“हिला परत घे, बाई. हाक मारली की ‘आलेच’ म्हणते आणि ढिम्म बसून राहते.”