नामाचे शंभर छापे

"अगो रतन, नाक नीट काढ हां. त्याचं नाक माज्यासारखं नाय, बापासारखं हाय."

"फोटोत आहे तसंच काढतेय, मावशी."

"फोटोचं मला काय ठावं? मी कुठं बगितलाय!"

जनाबाई हसली. रतनने ट्रेसिंगचा कागद ठसा कोरायच्या लिनोच्या तुकड्यावर उपडा ठेवला आणि पेन्सिल फिरवायला घेतली.

कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या जनाबाईचे डोळे जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलाचा, नामाचा, फोटो नंतरचा. तो शहाडला एका पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होता. त्या प्रेसने त्याची एक करंगळी अर्धी नेली. पुढच्या गणपतीत त्याने स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटो काढून घेतला. खुर्चीवर ताठ बसलेला, नवा टी-शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर. तेवढा एकच फोटो. आणि सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये नामा कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही.

त्याला आता अडीच वर्षं झाली होती.

नौपाड्यातल्या एका संस्थेच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी रतनचा हा वर्ग भरायचा. फोटो काढायचे, लिनोवर कोरायचे, शाई लावून छापायचे. अट एकच, येईल त्याला घ्यायचं. पोलिओने पाय गेलेला जगन मोरीला काळा पडदा लावून फोटो धुवायचा. राघोला ऐकू यायचं नाही, पण त्याच्यासारखं कोरणं कुणाला जमायचं नाही. पापडवाल्या कमळाबाईंना काहीच झालेलं नव्हतं. "घरात कोणी बोलायला नाही, हे काय कमी आहे?" असं म्हणून त्या आल्या होत्या.

मागच्याच शनिवारी जगनने निगेटिव्ह उलटी घातली आणि कमळाबाईंचा पदर फोटोत उजव्या खांद्यावर गेला.

"मेल्या, मला गुजरातीण केलीस की रे!"

"काकू, खाकरे लाटायला घ्या आता," जगन म्हणाला. जनाबाईला समजावून सांगितल्यावर तीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

वर्गाचं प्रदर्शन दिवाळीनंतर होतं. जनाबाईला प्रदर्शनाचं काही नव्हतं. तिला नामाचे शंभर छापे हवे होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक स्टेशनावर, प्रत्येक चहाच्या टपरीवर चिकटवायला.

"जातवाले सांगतात, पितरांत त्याचं पान वाढ. मी नाय वाढणार. जित्या पोराचं पान वाढतात काय?" ती म्हणाली. "पोलिसांनी दाखवलेला तोपण माजा नव्हता. रतननं सोता बगितलाय."

रतनची पेन्सिल क्षणभर थांबली.

खरंच पाहिला होता तिने. नामा गेल्यानंतर महिन्याने खाडीपुलाखाली एक प्रेत सापडलं होतं. कोळीवाड्यातले पुरुष होड्या घेऊन गेलेले. जनाबाईबरोबर जायला कोणी नव्हतं, म्हणून संस्थेने रतनला पाठवलं. तिने नामाला कधी पाहिलेलं नव्हतं. "मला हात लावू द्या, मी सांगते," जनाबाई म्हणत होती. हवालदार म्हणाला, "हात लावण्यासारखं काही राहिलं नाही, आजी." मग रतन एकटीच शवागारात गेली, नाकाला रुमाल लावून. एका हातात फोटो. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. तिने फोटो उजेडाकडे धरला. फोटोत उजवी.

"या पट्ट्यात प्रेसवाले पुष्कळ," हवालदार म्हणाला. "निम्म्यांची बोटं गेलेली असतात. बघा, नसेल तर नाही म्हणा."

रतनला तिथून बाहेर पडायचं होतं. बाकावर बसलेल्या म्हातारीला ती एवढंच म्हणाली, "नाही मावशी. तुमचा नामा नाही." बोटाचं ती काही बोलली नाही. उगाच कशाला त्या बिचाऱ्याचं वर्णन.

जनाबाईने तिथेच तिची अलाबला घेतली होती. घरी जाताना खाडीला नारळ दिला होता. प्रेत बेवारस म्हणून जाळलं गेलं.

राघोने दोन शनिवार लावून ठसा कोरला. तिसऱ्या शनिवारी रतनने तो जनाबाईच्या मांडीवर ठेवला. जगन शाईचा रूळ घेऊन तयारच होता.

"शाई लावण्याआधी बघून घ्या. पण एक ध्यानात ठेवा, मावशी. ठसा उलटा कोरतात, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. तुमच्या हाताला सगळं उलटं लागेल. ते बोटसुद्धा दुसऱ्याच हाताला लागेल. घाबरू नका," रतन म्हणाली.

"कमळाबायच्या पदरासारखं?"

"तसंच."

जनाबाईची बोटं कपाळावरून नाकावर उतरली. नाकाशी थांबली. "बापच," ती पुटपुटली. मग खांदे, कोपर, गुडघा. दोन्ही पंजे तिने एकदमच धरले, तो समोर बसल्यावर धरायची तसे. उजव्या हाताने ती बोटं मोजू लागली. एक, दोन, तीन, चार.

पाचवं अर्धं होतं.

तिचा चेहरा उजळला. "उलटं कुटं गो? सगळं जागच्या जागी हाय. राघो, बाबा, औक्षवंत हो!"

"मावशी," रतनने तो फोटो पुन्हा उजेडाकडे धरला, "फोटोत तर… तो उजवा हात ना?"

"खुळी का काय? तो समोर बसला की त्याचा डावा माज्या उजव्या हाताला येतो," जनाबाई म्हणाली आणि तिने ते अर्धं बोट अंगठ्याने कुरवाळलं. "याच डाव्या हातानं धरून खाडीवर न्यायचा मला. ह्ये थोटं माज्या तळव्यात टोचायचं. जगन, लाव शाई. शंभर काढ."