आता बोला!

त्या हॉटेलात आवाज असा घुमायचा, की समोरच्याशीही ओरडून बोलावं लागे. दर रविवारी बायकोसोबत तिथेच जेवणाऱ्या ध्वनितज्ज्ञाने शेवटी तो घुमणारा आवाज कमी करायचं काम स्वतःच अंगावर घेतलं. छताला मऊ पॅनेल लावली, भिंतींवर जाड पडदे सोडले, खुर्च्यांच्या पायांनासुद्धा रबर बसवलं.

खूश झालेल्या मालकाने दोघांना अगदी आतल्या कोपऱ्यात बसवलं. "वहिनी, आता मनसोक्त गप्पा मारा. उठायची घाई नाही!"

सूप आलं, संपलं. चमचा बशीत ठेवला तरी दोघं दचकत होती. ध्वनितज्ज्ञाने चोरून दाराकडे पाहिलं, तर तिथे मालक कौतुकाने त्यांच्याकडेच बघत उभा.



बायको हळूच म्हणाली, "पूर्वी बरं होतं हो. गोंगाटात बोलता येत नाही, असं म्हणता तरी यायचं."