हळद लागलेला टीव्ही

"मी मेले की न्या," दगडाबाई म्हणाल्या. "तवर नाय."

त्र्यंबकने पटल्यासारखी मान हलवली आणि टीव्हीकडे बघत राहिला. टिटवाळ्यातला नवाकोरा बंगला, समोरच्या भिंतीवर हा एवढा एलईडी, आणि कोपऱ्यात हा लाकडी दारांचा थोराड गडी. रंगीत टीव्ही नुकते आले होते, त्या काळातला. पिक्चर ट्यूब म्हातारी झालेली. तिच्यातला निळा केव्हाच गेला होता. मालिकेतली सासू पिवळी, सून पिवळी, खिडकीबाहेरचं आभाळही पिवळं.

"मना सगली हलद लागलेली दिसतात," दगडाबाई म्हणाल्या. "रोज घरात कोनाचं ना कोनाचं लगीन."

पण सुनेच्या कपाळावरचं कुंकू लाल होतं. खरोखरचं लाल. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये त्र्यंबकने अशा टीव्हींनी अख्खी खोली भरली होती, बायकोची बोलणी खाऊन. त्यातल्या एकाही ट्यूबमध्ये लाल उरला नव्हता. त्यांच्या पडद्यांवरची माणसं निळीहिरवी, पाण्यातून ओढून काढल्यासारखी दिसत. म्हणून तर दगडाबाईंच्या नातसुनेने, मेघालीने, फोटो पाठवला तसा तो हातातली कामं टाकून आला होता. मेघालीला तो कोपरा सोफ्यासाठी हवा होता. "आजी नाही सोडणार, काका," ती फाटकापाशीच कुजबुजली होती. "तुम्हीच बघा काहीतरी करून." आणि चहा टाकायला आत गेली होती.

"आलोच आहे तर मागची धूळ तरी काढतो, आजी," त्र्यंबक म्हणाला.

झाकण उघडलं. आत एक बारीक स्क्रू असतो. फिरवला की पडद्यावरचा उजेड जातो, उलटा फिरवला की परत येतो. ट्यूबला काही होत नाही. हे दगडाबाईंना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्र्यंबकने फुंकर मारली, ब्रश फिरवला. मग स्क्रूही फिरवला.

पडदा काळा पडला. सासू-सुना अंधारात भांडत राहिल्या. तेव्हा इथून पुढे थोडा वेळ चित्र नाही, नुसता आवाज.

– काय झालं रं बाबा?

– ट्यूब गेली, आजी.

– गेली म्हंजे?

– वय झालेलं तिचं. आता नाही यायची परत.

– सकाली तर बरा व्हता.

– असंच होतं. अचानक जातात.

(मालिकेतलं संगीत.)

– मीच मारलाय त्याला.

– काय?

– काल. नुसते पट्टे येत व्हते, मी दोन थापटा हानल्या. जोरात हानल्या. मेघाली बोललेली, आजी मारू नका, खिलखिला झालाय. मी कोनाचं ऐकतंय!

– नाही हो, थापेनं नाही होत असं.

– तू नको समजूत काढू. माझा हातच जड. पोरांना पन असाच लागायचा.

– आजी, रडताय कशाला?

– मेघालीला नको सांगू हां, मी मारला म्हनून. लाज वाटंल मना. आपोआप गेला सांग.

चित्र.

दगडाबाई टीव्हीच्या कुशीवरून हात फिरवत होत्या, तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. पदराने त्यांनी आधी डोळे पुसले, मग त्याच पदराने काच. त्र्यंबक पाठीमागे वाकला तो आपलं तोंड त्यांना दिसू नये म्हणून. वाकलाच होता, तर त्याने स्क्रू उलटा फिरवला.

आधी कुंकू आलं. मग कपाळ. मग सून.

"आला! मेघाली, ये गो, आला! मेलेला उठवला यानं!"

मेघाली चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली.

"आजी, ऐका," त्र्यंबक म्हणाला. "तुमच्या हातानं काही झालं नव्हतं. मीच बंद केला होता. आत एक स्क्रू आहे. तुम्ही टीव्ही सोडावा म्हणून मी फसवलं तुम्हाला."

दगडाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बोळकं पसरून हसल्या.

"बघ गो मेघाली. म्हातारीला वाईट नको वाटाला म्हनून सगलं आपल्या अंगावर घेतंय. कोन कुठला मानूस!"

"खरंच सांगतोय, आजी. शपथ."

"गप. खोटी शपथ नको घेऊ." त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. "माझ्याकडं हा जगनार नाय. तुझ्याकडं जगंल. घेऊन जा."

"नको, आजी."

"नको कसा? मघाशी तर हवा व्हता."

"एवढं म्हणतात तर न्या ना, काका," मेघाली म्हणाली. तिने वायर गुंडाळायलाही घेतली.

त्र्यंबकने दुसऱ्यांदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, आणि आपल्या खोलीतल्या पडद्यांवरची ती बुडालेली माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने तोंड मिटलं.

टेम्पो बोलावला. टीव्ही उचलायला एका बाजूने टेम्पोवाला, दुसऱ्या बाजूने तो. उंबऱ्यापाशी दगडाबाई आडव्या आल्या. पदर डोक्यावर घेतला आणि ऐंशीच्या त्या बाईने वाकून त्र्यंबकच्या पायांना हात लावला. त्याचे दोन्ही हात टीव्हीखाली अडकलेले. त्याला मागे सरकता येईना, त्यांना उठवता येईना.

फाटकापर्यंत मेघाली सोडायला आली. टेम्पोचं फळकूट लागेपर्यंत थांबली, मग हळूच म्हणाली, "मानलं काका तुम्हाला. ते शेवटी खरं सांगून टाकलंत ना, तिथे तर आजी एकदम खलास!"