पाटीवरचा हार

"पाणी नको! पाणी मारू नका!" चहाचा ग्लास फेकून गोरख आपल्या ट्रककडे धावला, पण पंपाच्या धडधडीत अग्निशमन दलाच्या जवानाला काहीच ऐकू गेलं नाही. मागच्या टायरनं पेट घेतला होता आणि वर कार्बाईडचे ड्रम होते. त्यांना पाणी लागलं असतं, तर वायू सुटून सगळा मालधक्काच उडाला असता.

तसं सांगणारी निळी पाटी ट्रकच्या मागेच होती, दसऱ्याच्या झेंडूच्या हाराखाली. धक्क्यावरचे जुने माथाडी दौलतमामा सकाळीच म्हणाले होते, "हार सरकव, पाटी झाकलीय."

"बायकोनं पूजा करून बांधलाय मामा, आज हात नाही लावायचा," म्हणत त्यानं त्यांना उडवून लावलं होतं.

जवानानं पाईप ट्रकवर रोखला. गोरखनं झेप घेऊन हार ओरबाडला.

पाटी दिसताच जवानाचे हात थबकले. "पाणी बंद! वाळू आणा!"

आग विझली. दौलतमामांनी मातीतला हार उचलून कपाळाला लावला आणि पाटीच्या वर, फळीला बांधला.

"देवाला कुठंही चालतं रे," ते म्हणाले. "पाटी मात्र दिसायलाच लागते."