गच्चीवरची समिती

देवाशप्पथ सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. खोटं निघालं तर यंदा माझ्या सगळ्या शेवया माकडांनी खाव्या.

सिडकोतल्या त्या गच्चीवर समिती चढली तवा ऊन असं, की पाण्याच्या टाकीवर कावळा टेकला आन् पाय भाजले म्हणून बोंबलत उडाला. राजनंदिनीनं आभाळाकडं बघितलं. ढग सोडा, ढगाचं सूत बी नव्हतं.

राजनंदिनी हवामानाची शास्त्रज्ञ. उद्याचा पाऊस मोबाईल बी सांगतो. हिचं काम तीन आठवडे आधी सांगायचं. सरकारी पैसा संपत आलेला. आज समितीनं अनुदान मंजूर केलं तर काम चालणार, नायतर इतक्या वर्षांची मेहनत गुंडाळून माळ्यावर टाकायची. हवा मोजायचं यंत्र तिच्या घराच्या गच्चीवर, कारण हापिसाच्या गच्चीवरनं वारा मोजायची फिरकी माकडांनी पळवली होती.

आन् संकट तिनं आपल्या हातानं ओढवून घेतलेलं. तीन आठवड्यांमागं गल्लीत सांगून बसली, "आजपासनं तिसऱ्या हप्त्यात गारांची दाट शक्यता हाय. कुणी वाळवण घालू नका." ऐन चैत्रात! समद्यांच्या कुरडया खोळंबल्या, पापड खोळंबले. हप्ता सरत आला, पण ऊन काय हटेना.

शेजारच्या गच्चीवरनं अख्तरीभाभी ओरडली, "अगे ओ राजनंदिनी! तेरे गारां किधर अटक गए? मेरा सेवैयां का मैदा रख रख के बुड्ढा हो गया!"

समितीचे अध्यक्ष नानासाहेब हसले. टक्कल उन्हात लखलखलं. "मॅडम, दाट शक्यता म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे सर, दहात सात वेळा..."

"शक्यता तर माझ्या डोक्यावर केस उगवायची पण आहे."

अध्यक्ष हसले म्हणून बाकीचे मेंबर बी हसले. राजनंदिनी लॅपटॉप उघडणार, तेवढ्यात जिन्यातनं तिच्या सासूबाई आल्या, मनकर्णाबाई. चुंबळीवर वाफाळतं भगोनं, काखेत सोऱ्या, खांद्यावर धुतलेलं धोतर. बाईनं गुपचूप गहू भिजवला होता, वाटला होता, चीक बी शिजवला होता. सुनेला वासच लागू दिला नाय.

"आत्याबाई, आज नको ना!" राजनंदिनी कुजबुजली.

"का नको? गहू आंबून चालला. आंबलेला चीक तुझा कंप्युटर खातो का?"

मनकर्णाबाईंनी धोतर अंथरलं, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आन् कुरडई पाडली. पाहुण्यांच्या हातात गरम चिकाच्या वाट्या दिल्या. नानासाहेबांनी परत मागून घेतला.

गल्लीनं हे बघितलं. हिच्या सासूनंच टाकल्या म्हणल्यावर मग काय! बायांनी जे धोतरं, लुगडी, चादरी अंथरल्या, पापणी लवायच्या आत सगळ्या गच्च्या पांढऱ्याफेक. अख्तरीभाभीनं तर शेवया दोरीवर टांगल्या.

नानासाहेबांनी वाटी चाटून खाली ठेवली. फाईल मिटली. "मॅडम, घरच्या माणसाचा भरवसा नाही, तिथं सरकारनं कसा ठेवायचा?"

राजनंदिनीला रडू आलं. ते तिनं गिळलं. लॅपटॉप खाली ठेवला, पदर खोचला आन् धोतराच्या विटा लाथेनं उडवल्या.

"माझा हाय भरवसा," ती म्हणाली आन् ओल्या कुरडयांसकट धोतर गोळा करायला लागली.

"अगं भवाने, सोड!" मनकर्णाबाईंनी दुसरं टोक धरलं. इकडनं सून वढती, तिकडनं सासू वढती. समिती मधी. एक मेंबर पंचासारखा दोन्हीकडं बघत उभा.

तेवढ्यात दौलताबादच्या अंगानं वारं सुटलं. पाठोपाठ ढग आला, म्हशीसारखा काळा आन् म्हशीसारखाच धावत. पहिली गार लिंबाएवढी पडली. दुसरी पेरूएवढी. मग नारळाएवढ्या यायला लागल्या. मेंबर बाजेखाली घुसले. नानासाहेबांनी भगोनं उचलून डोक्यावर उपडं घातलं. उरलेला चीक गालावरनं ओघळला आन् गारा वरनं टण्ण टण्ण वाजायला लागल्या, जशी आरतीच चालू हाय. गल्लीतल्या कुरडया उडाल्या त्या गेल्याच. अख्तरीभाभीच्या शेवया विजेच्या तारांवर जाऊन बसल्या आन् गल्लीभर तोरण झालं.

वाचल्या फक्त मनकर्णाबाईंच्या, कारण धोतर सुनेनं आधीच अर्धं गोळा केलेलं. दोघी ते पोटाशी धरून जिन्यात बसल्या, भिजून चिंब. सासूनं सुनेकडं बघितलं, मग भगोन्यातल्या नानासाहेबांकडं.

"ओ साहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या, "हिला काय पायजे ते देऊन टाका. पुढच्या साली मी हिला इचारूनच गहू भिजवीन."

नानासाहेबांनी भगोनं काढलं नाय. तसंच जिन्यात बसून पेन मागितला आन् चिकानं चिकटलेली फाईल उघडून मोठ्या अक्षरात लिहिलं, मंजूर.

आता कबूलच करते. नारळाएवढ्या गारा खऱ्या, भगोनं खरं, तारांवरच्या शेवया बी खऱ्या. ते 'मंजूर' तेवढं माझ्या पदरचं. नानासाहेब 'बघू' म्हणून गेले, ते अजून बघतायत.